अठरा इंची मशीन

माझं माहेर कोसबाडच्या डोंगराखालचं. बापूस दुसऱ्यांच्या वाडीत चिकू उतरवायला जायचा, आयस लावणीच्या दिवसांत लावणीला आणि बाकीच्या दिवसांत मिळेल त्या कामाला, आणि आम्ही तिघी बहिणी, त्यातली मी मधली, सुमन. शाळा सातवीपर्यंत झाली. मग बायकांना शिवणकाम शिकवायचे तिथे मी सहा महिने गेली, आणि काय सांगू तुम्हाला, ब्लाउज मला कधी धड शिवता आला नाय, पण शिलाई मशीन अडली की सगळ्या बाया मलाच हाक मारायच्या. खोलायचं, दोरे काढायचे, पुसायचं, तेल द्यायचं, पट्टा घट्ट करायचा, हे माझ्या हाताला आपोआप जमायचं. शिकवणाऱ्या बाई बोलायच्या, सुमन, तू चुकून मुलगी झालीस. मला राग यायचा. पण तेवढंच शिक्षण पुढे कामाला आलं.

लग्न होऊन तलासरीकडच्या या पाड्यावर आली. आमच्या माणसाचं सगळं घराणं झाडतोडीचं. धर्मा नाव त्याचं, सासूसमोर मी नाव घेत नाय, तुमच्यासमोर घेते. सासरा कुऱ्हाडीवाला, पुढे दोघांनी ओढायची लांब करवत आली, एका टोकाला धर्मा आणि दुसऱ्या टोकाला त्याचा चुलतभाऊ सोमा, दोघं असे जुळलेले की तासन् तास एक शब्द नाय बोलणार. धर्मा झाडाभोवती दोन फेऱ्या मारायचा, वर बघायचा, फांद्या कुठल्या बाजूला जड हायत, वारा कुठला हाय, मग सांगायचा इथे पडेल, आणि तिथेच पडायचं. विजेची तार, कौलं, विहीर, कशाला धक्का नाय. नरपडचे, डहाणूचे वाडीवाले त्यालाच निरोप धाडायचे. आणि परवानगीची चिठ्ठी बघितल्याशिवाय तो झाडाला हात लावायचा नाय, हा पण त्याचा एक नियम.

मग दोन हजार चौदा साली सगळं फिरलं. पेट्रोलवरच्या करवत-मशीनवाल्या टोळ्या यायला लागल्या. आमचे दोघे दिवसभर ओढून जेवढं काम करायचे तेवढं ते लोक सकाळच्या चहाच्या आत संपवायचे. निरोप कमी झाले, मग येईनासेच झाले. धर्मा ओट्यावर बसायचा आणि लांबून मशीनचा आवाज आला की उठून आत जायचा. एक दिवस तो आणि सोमा चारोटीला गेले, आणि संध्याकाळी पोत्यात गुंडाळून मशीन घेऊन आले. लाल रंगाची, डब्यावर चिनी अक्षरं, पट्टी बावीस इंच. पट्टी म्हणजे ज्याच्यावरून चेन फिरते ती. सगळा पाडा बघायला आला. धर्मा सांगत होता, दुकानात अठराची पण होती, पण बावीसची घेतली, कसलंही जाड खोड एका बाजूने जाईल. मी एवढंच विचारलं, बिघडली तर कोण दुरुस्त करणार? तो बोलला, दुकानवाला बोलतो बिघडतच नाय. बिघडत नाय अशी मशीन मी तरी बघितली नव्हती.

आमचं घर जरा उंचावर हाय. आजूबाजूच्या दोन-तीन गावांत मशीन चालू असली की इथे ऐकू येते. तेव्हापासून माझं एकच सुरू झालं. भाकरी करतेय, पण कान तिकडे. आवाज चालू हाय तोपर्यंत माणूस उभा हाय. आवाज बंद झाला की मी थांबायची, हात पिठात तसाच, पेट्रोल संपलं असेल, पाणी पीत असेल, चेन सैल झाली असेल, असं मनात बोलत राहायची, आणि परत घरघर सुरू झाली की मगच भाकरी तव्यावर पडायची. सासू बोलायची, वेडी हायस तू. असेन वेडी. पण ती लाल मशीन दिवसातून इतक्या वेळा बंद पडायची की माझं निम्मं आयुष्य त्या थांबण्यातच गेलं असेल.

आणि तिचं दुखणं एक नव्हतं. कधी स्टार्टरची दोरी तुटली, कधी कार्बोरेटर, कधी चेनला तेलच येईना आणि पट्टीतून धूर. इंजिनाचा जोर कमी आणि पट्टी लांब, जाड खोडात गेली की रडायची. चारोटीच्या दुकानात नेली तर बोलले, आम्ही विकतो, दुरुस्ती मुंबईला होते, पंधरा-वीस दिवस लागतील. पंधरा-वीस दिवस कोण बसणार? मग धर्मा ती मोटरसायकलच्या मिस्त्रीकडे न्यायचा. मिस्त्री माणूस चांगला, पण त्याने आयुष्यात असली मशीन उघडली नव्हती. एकदा मी धर्माचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात लोखंडी पट्ट्याचा तुकडा, गोल वाकवलेला. हे काय विचारलं तर बोलला, चेन थांबवायच्या ब्रेकचं हाय, सारखं अडकत होतं म्हणून मिस्त्रीने काढून टाकलं, त्याच्याशिवाय मशीन चांगली चालते. मी तो तुकडा हातात घेऊन उभी राहिली. ब्रेक कोणी उगाच बसवतो का, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बोलली नाय. घरात आधीच चिडचिड, आणि मला वाटलं मला काय कळतं. ते न बोलणं मला आजपर्यंत टोचतं, खोटं नाय सांगत.

पुढच्या थंडीत नरपडला एका वाडीच्या कुंपणाची सुरूची झाडं काढायचं काम होतं. नरपड इथून लांब, आवाज यायचा प्रश्नच नाय, म्हणून बघा, त्या दिवशी मी निवांत होती. शेजारणीकडे बसून पापड लाटत होती, हसत होती. तेवढ्यात सोमाचा फोन आला. बोलला, वहिनी, धर्माला लागलंय, दवाखान्यात आणलंय, तू ये. मी विचारलं, जिता हाय ना? तो बोलला, ये तू. त्याने हो बोलायला पाहिजे होतं ना, पण तो पण घाबरलेला. जीपमध्ये मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून बसली, उतरताना बघितलं तर तिच्या मनगटावर माझी नखं उठलेली.

झालं असं होतं की एक खोड कापताना लांब पट्टीचं टोक मागच्या दुसऱ्या झाडाला लागलं. टोक लागलं की ही मशीन उलटी अंगावर येते, माणसाला पापणी हलवायला वेळ मिळत नाय. ब्रेक असता तर चेन जागच्या जागी थांबली असती. ती थांबली नाय, डाव्या खांद्यात शिरली. चार बोटं वर असती तर मान होती, डॉक्टरांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं मला. जगला. पण तो हात आता कानाच्या वर जात नाय.

सहा-सात महिने घरी होता. मी लोकांच्या शेतावर जायची, सासू कोंबड्या बघायची, सोमा जमेल तशी मदत करायचा. हळूहळू हात हलायला लागला तसा तो परत झाडांकडे बघायला लागला. रस्त्याने जाताना एखाद्या आंब्याकडे असा बघायचा की मला कळायचं, मनात फेरी मारतोय. मी त्याला बोलली, तू दुसरं काय करशील असं मला वाटत नाय, आणि मी तुला अडवणार पण नाय. पण मशीन मी निवडणार. तो हसला. मी हसली नाय.

मग मी निघाली. शिवणकामाच्या वेळची टेप पिशवीत टाकली, एक वही, आणि तो ब्रेकचा तुकडा. पहिली डहाणूला, शेतीच्या सामानाच्या दुकानात. त्यांच्याकडे एका कंपनीची मशीन होती, काय सांगू, हातात घेतली तर फुलासारखी हलकी, आवाज पण सुरेख. धर्माच्या खांद्याला तीच बरी पडली असती. मी विचारलं, दुरुस्ती? बोलला, ट्रान्सपोर्टने ठाण्याला पाठवायची, होऊन येईल. किती दिवसांत? ते सांगता येत नाय ताई. ब्रेकचा पट्टा ठेवता का? त्याने मला पुस्तकातलं चित्र दाखवलं. चित्र काय करायचंय मला? चारोटीला परत गेली, तिथे तीच लाल, आता चोवीस इंच पण आलेली, दुकानवाला बोलला, जेवढी लांब तेवढं काम जास्त. मी त्याच्या टेबलावर तो तुकडा ठेवला आणि बोलली, हा बसवून द्या. त्याने उलटा सुलटा करून बघितला आणि विचारलं, हे कशाचं हाय? मी तुकडा उचलला आणि बाहेर आली.

तिसरा डीलर वापीचा, गुजरातमधला. दोन गाड्या बदलून गेली. पुढच्या काउंटरवर एक सेल्समन होता, पिशवीतली टेप बघून तो आधी मला शिलाई मशीनवाली समजला, मी बोलली झाडं कापायची मशीन पाहिजे. त्याने पण लांब पट्टीच काढली, तुमच्याकडे झाडं मोठी, बावीस घ्या. मी बोलली, मला दुरुस्तीवाल्याला भेटायचंय. मागे पत्र्याच्या खोलीत हसमुखभाई बसलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला, हात काळे. मी त्यांच्यापुढे तुकडा ठेवला. त्यांनी बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात बोलले, बेन, कोणाला लागलं? त्या एका प्रश्नाला मला रडू आलं, एवढे दिवस आलं नव्हतं ते तिथे आलं. त्यांनी पाणी दिलं. मग मी विचारलं, तुमची मशीन बिघडली तर किती दिवस? ते बोलले, सामान हाय तर दोन दिवस, आणि सामान हाय. लाकडी खण ओढून दाखवला, ब्रेकचे पट्टे, तेलाचे पंप, स्टार्टरच्या स्प्रिंगा, सगळं कागदात बांधून, वर नाव लिहून. मी त्यांना बोलली, एक मशीन माझ्यासमोर खोला. त्यांनी खोलली. ब्रेक कसा बसतो ते दाखवलं, पुढचा दांडा ढकलला की चेन कशी टक्कन थांबते ते दहा वेळा दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं.

पट्टी किती घेऊ, मी विचारलं. ते बोलले, अठरा. लांब पट्टीचं टोक माणसाच्या नजरेआड जातं, आणि नजरेआडचं टोकच मारतं. जाड खोड असेल तर दोन्ही बाजूंनी कापा, वेळ लागेल, लागू दे. डहाणूवालीपेक्षा ही जड होती, दिसायला पण साधी. मी अठराची घेतली.

घरी आली तर धर्माने डबा उघडला आणि बोलला, छोटी आणलीस. मी बोलली, हो. बोलला, लोक हसतील, एवढीशी पट्टी घेऊन चिंच पाडायला निघाला. मी बोलली, हसू दे. दोन दिवस बोलला नाय माझ्याशी. तिसऱ्या दिवशी बाभळीचा एक ओंडका कापून बघितला आणि आत येऊन बोलला, खेचत नाय हां ही, सरळ जाते. बस, तेवढंच. पण ती लाल मशीन त्याने टाकून दिली नाय, माळ्यावर ठेवली.

चेनला धार लावायचं काम मी घेतलं. गोल कानस असते, प्रत्येक दाताला सारखे घाव, तिरकस, एकाच दिशेने. धर्माला कंटाळा यायचा, मला नाय. दर पावसाळ्याच्या आधी मशीन पोत्यात घालून मी वापीला जायची, हसमुखभाई सगळं खोलून बघायचे, आम्ही चहा प्यायचो. सोळा, सतरा, अठराचा पावसाळा, सगळं नीट गेलं. कान तिकडे असायचा, पण भाकरी जळत नव्हती एवढं खरं.

आणि मग जमीन हलायला लागली. अठरा साल संपता संपता. पहिल्यांदा वाटलं जवळ कुठे सुरुंग लावला. मग रोजचंच झालं, भांडी वाजायची, कौलं सरकायची, आमच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. लोक घरात झोपेनात. पाड्याच्या मध्ये मोकळी जागा, तिथे ताडपत्र्या बांधून सगळे राहायला आले, लहान पोरं, म्हातारी माणसं, आमची सासू पण. आणि त्या जागेच्या कडेला जुनी चिंच, जिथून दोन मोठे फाटे फुटतात तिथेच धक्क्यांनी उकललेली. रोज सकाळी धर्मा त्या फटीत बोटं घालून बघायचा. एक दिवस पाच बोटं आत गेली. मला कळलं, आता ती पाडायलाच लागणार. चिठ्ठी पण लगेच मिळाली, सगळेच घाबरलेले होते.

आणि नेमकी आमची मशीन वापीला. तेलाचा पंप गेला होता, हसमुखभाई बोलले होते उद्या तयार. पोलीस पाटील आणि चार जुनी माणसं ओट्यावर आली. पाटील बोलले, धर्मा, आज पाड, उद्यापर्यंत कोणी बघितलंय. कोणीतरी बोललं, जुनी मशीन हाय ना माळ्यावर, तिची पट्टी पण मोठी. धर्माने माझ्याकडे बघितलं नाय. सरळ शिडी लावली.

मी पदराची गाठ चाचपली, त्या लाल मशीनचा ठिणगीचा प्लग मी पान्याने आधीच काढून तिथे बांधलेला, त्याच्याशिवाय ती चालू होत नाय. हो, आदल्या संध्याकाळीच काढला होता, मला माहीत होतं असं होणार. धर्माने दोरी ओढली, एकदा, दोनदा, सहा वेळा. मग त्याने प्लगची जागा बघितली, मग मला बघितलं. सगळ्यांच्या समोर. मला वाटलं आता हात उचलेल. त्याने कधी उचलला नाय, पण तेव्हा वाटलं.

पाटील बोलले, सुमनबाय, आज झाड पडलं आणि कोणी मेलं तर? मी बोलली, तर माझ्यावर येईल. पण बिनब्रेकच्या मशीनने धक्क्याच्या दिवसांत तो झाडाखाली जाणार नाय. झाड हलवता येत नाय, पण ताडपत्र्या हलवता येतात. लोक कुरकुरले, एवढा पसारा, चुली, अंथरुणं. मी कोणाची वाट नाय बघितली. पहिली आमची ताडपत्री सोडली. सासू खाटेवर बसून, मी हलणार नाय बोलली, मी आणि सोमाच्या बायकोने ती खाटेसकट उचलली आणि पलीकडच्या शेतात नेऊन ठेवली. मग बाकीच्या बाया उठल्या. सूर्य मावळेपर्यंत चिंचेखाली एक माणूस नव्हता. पण ते बारा तास कसे गेले ते माझं मला माहीत. प्रत्येक धक्क्याला वाटायचं, आता चिंच गेली, आता कोणाचं तरी पोर तिकडे धावलं असेल.

सकाळच्या पहिल्या गाडीने वापी, दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर. हसमुखभाईंनी मशीन चालू करून, ब्रेक मारून दाखवला आणि दिली. परत येते तर सोमाने वरच्या फाट्याला दोर बांधलेला, ट्रॅक्टर शेतात लांब उभा. मी टेप काढली, खोड मोजलं, आडवं तीस इंच. धर्मा बोलला, अठरा आणि अठरा, दोन्ही बाजूंनी पुरते. आदल्या दिवसापासूनचं ते त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं.

एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूने कापत होता, निम्म्याच्या पुढे गेला असेल, आणि धक्का आला. साधा नव्हता, उभ्या बाया बसल्या. चिंच अशी कण्हली, ते मी तुम्हाला करून दाखवू शकत नाय. आणि मशीनचा आवाज बंद. मी धावली तर सोमाने मला कमरेला धरलं. धूळ, पानं, काही दिसेना. मग त्या धुळीतून तो चालत आला, रिकाम्या हातांनी, धावत पण नव्हता, मागे मागे बघत. हाताला, मानेला, छातीला मी चाचपून बघितलं. तो बोलला, पाय सरकला, मशीन अंगावर उसळली, आणि चेन तिथल्या तिथे थांबली गं. मग झाड बसलं तिच्यावर. सोडून आलो.

ट्रॅक्टरने दोर ओढला. चिंच मोकळ्या जागेत आडवी झाली, जिथे आदल्या दिवशी खाटा होत्या तिथे. मशीन खाली सापडली, पट्टी वाकलेली, अर्धा भाग चेपलेला. लोक हळहळले. मला काहीच वाटलं नाय.

ती चेपलेली मशीन घेऊन मी वापीला गेली. हसमुखभाईंनी पोतं उघडलं, बघितलं आणि एकदम उभे राहिले. धर्माभाई? मी बोलली, घरी हाय, जेवतोय. ते खाली बसले, चष्मा काढून पुसत राहिले किती वेळ. मग बोलले, इंजिन वाचेल बेन, बाकी नवीन घालू.

तीच मशीन हाय अजून. धक्के अजून येतात, कमी झालेत, पण येतात. भिंतीला गिलावा केलाय, चीर परत डोकावते. धर्मा कामाला जातो, आज पण गेलाय. आता आजूबाजूच्या बाया माझ्याकडे येतात, कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ या कामात. परवा डहाणूकडून एक नवीन लग्न झालेली पोर आली, तिचा नवरा मशीन घेणार होता. तिने विचारलं, मावशी, सगळ्यात चांगली कुठली? मी तिला सगळं सांगितलं, पट्टी अठराच्या वर नको, ब्रेक हाताने मारून बघ, आणि डीलरकडे पहिला खण उघडायला सांग, रिकामा असेल तर परत फिर. तिने सगळं ऐकलं आणि मग विचारलं, म्हणजे त्याला काही होणार नाय ना?

एवढी वर्षं मी स्वतःला तेच विचारतेय. मी बोलली, ये, बस इथे. तिच्या हातात कानस दिली आणि तिच्या हातावर माझा हात ठेवला, पहिला दात दोघींनी मिळून घासला. हात गार पडला होता तिचा. देव तिच्या माणसाला सांभाळो, आमच्याला पण सांभाळो. चहा घ्या तुम्ही, गार होतोय.